मौनाच्या थांब्यावरचा आवाज

फोन वाजला तेव्हा पुरावाबाई भिंतीवरचं घड्याळ उघडून बसल्या होत्या.

"बाई, आई बसमधून उतरत नाहीये. टूर संपून कितीतरी वेळ झाला."

"पाय दुखतायत का?"

"नाही. दादा बसमध्ये आहे म्हणते."

पुरावाबाईंनी पेचकस खाली ठेवला. बोलणारी मुलगी शेजारच्या इमारतीत राहणारी. शहरातल्या रॉक संगीताच्या खुणा दाखवणाऱ्या बसवर ती गाईड होती. आणि तिचा दादा, म्हणजे या शहरातल्या सर्वांत गाजलेल्या बँडचा गायक, वीसेक वर्षांपूर्वी आगीत गेला होता.

"तुला काय वाटतं?" बाईंनी विचारलं.

पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला.

"मलाही ऐकू आला, बाई."

पुरावाबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या ध्वनिविभागात त्यांची सारी नोकरी झाली. समोरच्यानं काहीही सांगितलं, अगदी चहा चांगला झालाय असं सांगितलं, तरी "पुरावा?" असं विचारायची त्यांना खोड होती. सहकाऱ्यांनी नाव पाडलं आणि निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात तेच घेतलं. भुतं नसतात हे सिद्ध करण्याच्या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत. आवाज असतो, आणि आवाजाला उगम असतो. त्यांच्या कामाला एवढं पुरत असे.

बस डेपोच्या कोपऱ्यात उभी होती. बाहेरून काळी, अंगावर सोनेरी गिटार रंगवलेली. आत खिडक्यांच्या वर बँडच्या फोटोंची रांग. मागच्या बाकावर, मांडीवर पर्स घट्ट धरून, एक वृद्ध बाई ताठ बसली होती.

पुरावाबाई शेजारी जाऊन बसल्या. "काकू, कुठे आहे तो?"

"वर." आईंनी डोक्यावरच्या स्पीकरकडे बोट दाखवलं. "तिथून गातो."

"कोणतं गाणं?"

"नवीन आहे. मला कुठे सगळी माहीत असतात त्याची. आणि दात अजून बसवून घेतला नाही बघा त्यानं. आळशी मेला. शब्दाशब्दाला शिट्टी वाजते."

गाईडनं तोंड खिडकीकडे वळवलं.

"तुम्हाला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं ना?" बाईंनी विचारलं.

"होतं. हृदयाची झडप बदलायची म्हणतात." आई झडपेबद्दल नळाच्या वायसरबद्दल बोलावं तशा बोलल्या. "आता कशी जाऊ? इतकी वर्षं वाट पाहिली. तो यायला आणि मी टेबलावर झोपायला एकच गाठ?"

"डॉक्टर म्हणालेत, आणखी लांबवलं तर करण्यात अर्थ राहणार नाही," गाईड खालच्या आवाजात म्हणाली.

बाईंनी सौदा केला. "काकू, येत्या रविवारी मी तुम्हाला हा आवाज कुठून येतो ते दाखवते. त्यानंतर तुम्ही दवाखान्यात जायचं."

"वचन?"

"वचन नाही. पुरावा."

आईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि उतरण्यासाठी हात पुढे केला.

*

"पहिल्यांदा कधी ऐकलास?" बाईंनी ड्रायव्हरला विचारलं. गृहस्थ स्थूल, बोलका. पण आज शब्द मोजून टाकत होता.

"तीनचार फेऱ्या झाल्या असतील. मला वाटलं, ताईंनीच काहीतरी नवीन बसवलंय. ताईंना वाटलं, मी लावतोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमातलंच समजले."

"कुठे ऐकू येतो?"

"एकाच ठिकाणी. शेवटच्या थांब्यावर, जळक्या स्टुडिओसमोर. ताई म्हणतात, आता थोडा वेळ मौन पाळू. इंजिन बंद करतो मी. आणि मग..." त्यानं मानेवरून हात फिरवला. "मी स्पष्ट सांगतो बाई, मी घाबरत नाही. फक्त आरशात मागे बघत नाही."

"गाणी लावायचा प्लेअर कुणाच्या हाताशी?"

"माझ्या. म्हणूनच मालक माझ्यावर डोळे वटारतात."

"बसमध्ये अलीकडे काही बदललं?"

"काही नाही. सीटकव्हर बदलली. आणि ताईंचा माइक. जुन्याची वायर सारखी तुटायची. मालकांनी हा बिनवायरचा आणून स्वतःच बसवला."

"स्पीकर कुणाला दाखवले?"

उत्तर गाईडनं दिलं. "मामांना. दादाच्या बँडचे रेकॉर्डिस्ट. आता त्याच स्टुडिओसमोर त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे. मी फक्त खरखर येते म्हणून सांगितलं. दादाचं नाव काढलं असतं तर ते कोसळलेच असते. त्यांनी इथे डेपोत येऊन सगळं उघडून पाहिलं. काही सापडलं नाही."

"सख्खे मामा?"

"छे. बँडमधले सगळे मामा म्हणायचे, म्हणून आम्हीही. पण दादा गेल्यावर सख्ख्यांनी केलं नसेल एवढं त्यांनी केलं. आईची औषधं अजून तेच आणतात."

*

बुधवारच्या फेरीआधी पुरावाबाईंनी प्लेअरच्या दोन्ही वायरी काढून आपल्या पिशवीत टाकल्या. ड्रायव्हरनं सुटकेचा निःश्वास सोडला. आपण आरोपी नाही याचा हा पहिला पुरावा, हे त्याला बरोबर उमगलं होतं.

बस निघाली. गाईडचा आवाज सराईत होता, भावाबद्दल बोलतानाही. बँडनं पहिला कार्यक्रम केला ते सभागृह. तिथे आता गाद्यांचं दुकान होतं. पहिली गिटार हप्त्यानं घेतली ते वाद्यांचं दुकान; मालक अजून तोच, आणि बस दिसली की आत जाणारा. चाहत्यांनी गायकाचा चेहरा रंगवलेली भिंत. पावसापाण्यानं रंग उडून आता फक्त उघडं तोंड राहिलं होतं. जिवंत माणसांच्या शहरातून ही बस एका मेलेल्या माणसाच्या मागोमाग हिंडत होती, आणि प्रवासी मोबाइल उंचावून त्याच्या गैरहजेरीचे फोटो काढत होते.

शेवटचा थांबा अरुंद रस्त्यावर होता. डाव्या हाताला तळघरात उतरणाऱ्या पायऱ्या, त्यांवर काजळलेली कमान, लोखंडी जाळी. उजव्या हाताला बुटक्या दुकानांची ओळ.

"इथे दादा शेवटचं गाणं रेकॉर्ड करायला आला होता," गाईड म्हणाली. "ते झालं नाही. आपण थोडा वेळ शांत राहू."

तिनं अंगठ्यानं माइकचं बटण बंद केलं. इंजिन थांबलं.

स्पीकरमधून आधी बारीक सरसर आली. मग त्या सरसरीच्या पोटातून, अगदी जवळून, एक तरुण माणूस गाऊ लागला.

*सांग सावलीला माझ्या, सोड ना मला,*
*सरल्या साऱ्या रस्त्यांनो, ओढ ना मला...*

प्रत्येक 'स'च्या टोकाला शिट्टीची बारीक धार होती. बसमधलं कुणी हललं नाही. पुरावाबाईंच्या हातांवर काटा आला. त्यांनी त्याची नोंद घेतली आणि रेकॉर्डर सुरू केला.

मग त्यांनी गाईडला खूण केली. ठरल्याप्रमाणे तिनं माइक सुरू केला. गाणं कापल्यासारखं थांबलं. तिनं माइक पुन्हा बंद केला. गाणं परत आलं. पण तुटलं होतं तिथून नव्हे. मधल्या वेळात ते पुढे सरकलं होतं.

बाईंनी ड्रायव्हरला हात केला. बस उतारावरून हळूच पुढे घेतली गेली. आवाज फाटला, खरखरला, आणि कोपऱ्यावरची बेकरी येईपर्यंत पूर्ण विरून गेला.

प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या.

बाई उतरून मागे चालत आल्या. दुकानांच्या ओळीत एक लाँड्री होती, एक शिंप्याचं बंद दुकान, आणि त्यांच्यामध्ये जुन्या रेडिओंनी छतापर्यंत भरलेली खोली. एका मशीनवर वाकून बसलेला म्हातारा त्यांच्या सावलीनं दचकून वळला. डोक्यावरचे हेडफोन तसेच ठेवून तो काउंटर ओलांडून दारापर्यंत आला.

"गाडी आज मध्येच का हलली?" त्यानं विचारलं आणि मग हेडफोन मानेवर उतरवले.

"ड्रायव्हरचा पाय सुटला ब्रेकवरून. तुम्ही मामा ना? गाईड माझ्या शेजारी राहते."

"या, बसा. पोरगी गुणाची आहे. भावाचं दुःख पोटात ठेवून लोकांची करमणूक करते."

त्यानं स्टूल पुसून दिलं. डाव्या हाताची कातडी मनगटापासून बोटांपर्यंत चकाकत होती, उकळत्या दुधावरच्या सायीसारखी सुरकुतलेली. उजवा हात म्हाताऱ्याच्या वयाचा, बाकी धडधाकट.

"त्या दिवशीचं?" बाईंनी हाताकडे पाहून विचारलं.

"हो. दार उघडायला गेलो होतो."

"काय झालं होतं, सांगाल?"

"किती वेळा सांगितलंय आजवर." तो सांगू लागला, आणि खरंच, वाक्यं घासून गुळगुळीत झालेली होती. "तो लवकर आला होता. बाकीच्यांचा पत्ता नाही. तो आत खोलीत सूर लावत बसला. मशीन मी चालूसुद्धा केलं नव्हतं. कोपऱ्यापर्यंत गेलो, मंडळी येतात का बघायला. परत येतो तर धूर. दाराची चौकट उष्णतेनं फुगून बसलेली. हलेचना."

"आणि सामान?"

"काही राहिलं नाही. रिळं गेली, तो गेला."

बाईंनी मान हलवली. एवढंच म्हणाल्या, "बसच्या स्पीकरची खरखर अजून आहे. रविवारी पुन्हा बघाल का?"

"बघेन की. घरचंच काम आहे."

*

टूरकंपनीचे मालक बँडमध्ये बास गिटार वाजवायचे. आता पोट सुटलं होतं आणि डोक्यावर केस नव्हते, पण मनगटात चामड्याचा पट्टा अजून होता.

"भुताच्या आवाजानं धंदा वाढला म्हणे," बाईंनी सुरुवात केली.

"वाढला. म्हणून मीच केलं असं वाटतंय तुम्हाला?"

"मला अजून काही वाटत नाही. ऐका."

बाईंनी रेकॉर्डर लावला. आपल्याच बसमधला आवाज मालकांनी अजून ऐकला नव्हता. ते ऑफिसात बसून बुकिंग घेत. पहिल्या ओळीलाच त्यांचा हात मनगटाच्या पट्ट्यावर गेला.

"हे कुठे मिळालं तुम्हाला?"

"ओळखता?"

"आम्ही चौघांनी मिळून बसवलं होतं. पण हे गाणं रेकॉर्ड झालेलंच नाही, बाई. त्या दिवशी करायचं होतं. बाकीचे मला घ्यायला थांबले आणि मी झोपलो होतो. आम्ही वेळेवर पोचलो असतो तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. हे वाक्य त्यांनी अनेक वर्षं असंच सोडून दिलं असणार.

"त्याआधी कधी? घरी? तालमीत?"

"शब्दच आदल्या दिवशी पुरे झाले. त्याच दिवशी संध्याकाळी कार्यक्रमात म्हणून बघितलं. तिथे कुणी रेकॉर्ड करत नव्हतं. आणि इतकं स्वच्छ? हा स्टुडिओतला आवाज आहे. मामांच्या खोलीतला. तिथे भिंतीसुद्धा श्वास धरून बसायच्या."

"खोली कशी होती ते सांगा."

"आत गायची खोली, बाहेर मशीनची. मध्ये जाड गादीचं दार आणि एक बारीक काच. धरणीकंप झाला तरी आत कळायचं नाही. मामा लाल दिवा लावायचे आणि दाराला बाहेरून कडी घालायचे."

"बाहेरून? का?"

"एकदा चहावाला थेट आत घुसला होता. सगळ्यांत चांगला टेक गेला. त्यानंतर मामांचा नियमच झाला, लाल दिवा लागला की कडी, आणि रीळ थांबेपर्यंत दार उघडायचं नाही. आम्ही आतून दार वाजवायचो. झालं का मामा, उघडा. मग ते उघडायचे." मालक किंचित हसले. "वेडाच माणूस. आमच्यापैकी कुणाला ताप आला तर विचारायचा नाही, पण रिळाला दमट हवा लागली तर जेवायचा नाही."

"आगीनंतर ती कडी कुणी पाहिली?"

"कडी कुठली? दारच उरलं नव्हतं."

त्या संध्याकाळी पुरावाबाईंनी बसमधला आवाज आणि बँडची प्रसिद्ध झालेली रेकॉर्ड शेजारी शेजारी ठेवून संगणकावर तपासली. गळा एकच होता. पण रेकॉर्डमधले 'स' साधे होते; बसमधल्या 'स'च्या माथ्यावर, सगळ्या आवाजाच्या खूप वर, एक सुईसारखी रेघ उभी होती. पुढच्या दातांतून फट पडून हवा सुटली की अशी रेघ उमटते.

बाई शेजारच्या इमारतीत गेल्या. आई भाजी निवडत होत्या.

"काकू, दात कधी तुटला होता त्याचा?"

"आदल्याच दिवशी. कार्यक्रमात नाचताना माइक तोंडावर आपटून घेतला. सकाळी दूधसुद्धा पिववेना. संध्याकाळी दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं." त्यांनी एक देठ मोडलं. "दुपारीच सगळं झालं."

शेजारी बसलेली गाईड ताडकन उठली. ती काही बोलणार तोच बाईंनी मान हलवली. रविवारपर्यंत नाही.

*

रविवारची तिकिटं मालकांनी रद्द केली. बसमध्ये ड्रायव्हर, गाईड, मालक, मागच्या बाकावर आई, आणि आईंच्या शेजारी पुरावाबाई. एवढीच माणसं घेऊन बस नेहमीच्या रस्त्यानं, नेहमीच्या थांब्यांवर थांबत गेली. गाद्यांचं दुकान आलं, गिटारवाला आत गेला, भिंतीवरचं उघडं तोंड मागे पडलं. गाईड एक शब्द बोलली नाही. 

शेवटच्या थांब्यावर तिनं खिडकीतून हाक मारली. "मामा, जरा येता का? पुन्हा खरखरतंय."

मामा पेचकस घेऊन आले. दाराशी त्यांनी आईंना पाहिलं आणि थबकले. "वहिनी, तुम्ही? आज दवाखान्यात जायचं होतं ना?"

"जायचंय. त्याला भेटून जाते."

मामा ओशाळून हसले आणि स्पीकरखाली उभे राहिले. ते आत येताच दोन माणसं रस्ता ओलांडून त्यांच्या दुकानात शिरली. पुढचा इन्स्पेक्टर कोणे एके काळी पुराव्याच्या पिशव्या घेऊन पुरावाबाईंच्या टेबलापाशी ताटकळत उभा राहायचा. आज त्याच्या खिशात झडतीचा हुकूम होता.

"नेहमीसारखं कर," बाई गाईडला म्हणाल्या.

तिनं माइक बंद केला. इंजिन थांबलं. स्पीकरमध्ये नुसती बारीक सरसर.

"कुठे काय आहे?" मामा म्हणाले. "ठीक तर आहे."

"थांबा," बाई म्हणाल्या, आणि दुकानातल्या इन्स्पेक्टरला खूण म्हणून त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून खाली केला.

*सांग सावलीला माझ्या, सोड ना मला...*

आईंनी डोळे मिटले. मालकांनी समोरच्या बाकाची दांडी धरली. मामा मात्र स्पीकरकडे पाहत नव्हते. ते खिडकीतून आपल्या दुकानाकडे पाहत होते. पेचकस हातातून केव्हा निसटला, त्यांना कळलं नाही.

पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. आवाज वर चढला, तिथे थरथरला, आणि उतरू लागला.

"बंद करा," मामा म्हणाले.

कुणी हललं नाही.

"बंद करायला सांगा त्याला. गाणं संपायच्या आत. पुढचं नको. वहिनींसमोर पुढचं नको."

गाईडच्या अंगठ्यानं बटण दाबलं. भावाचा आवाज तुटला. त्याच्या जागी, सगळ्या स्पीकरमधून, तिचा आला.

"पुढे काय आहे, मामा?"

मामा बाकावर बसले.  पुरावाबाई उठल्या.

"पुढे काय आहे ते त्यांनाच ठाऊक आहे. मागे काय आहे ते मी सांगते. हा आवाज बसमध्ये नव्हताच. प्लेअरच्या वायरी काढल्या तरी तो आला. बस पुढे घेतली तर विरला. म्हणजे तो बाहेरून येत होता, आणि जवळूनच. मामा बिनवायरचे हेडफोन वापरतात. बुधवारी ते डोक्यावर ठेवूनच दारापर्यंत चालत आले. त्यांच्या मशीनजवळची पेटी गाणं हवेतून हेडफोनला पाठवते. मालकांनी आणलेला नवा माइक योगायोगानं त्याच पट्टीवर, म्हणजे त्याच फ्रिक्वेन्सीवर, बोलतो. माइक सुरू असला की बसला जवळचा, जोरकस आवाज मिळतो आणि दूरचा दबून जातो. मौनासाठी तो बंद झाला, की बस समोरच्या दुकानातलं ऐकू लागते. भूत मौनातच बोलायचं, त्याचं कारण एवढंच."

"पण नेमकं त्याच वेळी मामा हे का लावतील?" मालकांनी विचारलं.

"कारण बस त्यांना दिसते. तुम्ही सगळे माना खाली घालता, तेव्हा तेही आपल्या परीनं त्याची आठवण काढतात. आपल्याशिवाय कुणाला ऐकू जातंय, याची त्यांना कल्पना नव्हती."

मामांनी मान हलवली. होय की नाही, ते कळलं नाही.

"आता रीळ. गाणं आदल्या दिवशी पुरं झालं. दात आदल्या दिवशी तुटला, आणि आवाजात तुटक्या दाताची शिट्टी आहे. तेव्हा हे गाणं आगीच्या दिवशी, आगीच्या आधी, त्या खोलीत गायलं गेलं. मामा सांगत आले की मशीन चालूच केलं नव्हतं आणि सगळी रिळं जळाली. रीळ चालत बाहेर येत नाही. ते गाणं संपेपर्यंत कुणीतरी मशीनपाशी होतं, आणि ते उतरवून घेऊन कुणीतरी बाहेर पडलं. लाल दिवा लागलेला असताना. दाराला बाहेरून कडी असताना." बाई थांबल्या. "दार उघडायला धडपडणाऱ्या माणसाचे दोन्ही हात भाजतात. मामांचा एकच भाजलाय. हा पुरावा नाही. पण दुसऱ्या हातात काहीतरी होतं, असं मानलं तर सगळं जुळतं."

 मग मामा बोलले, पण या वेळी वाक्यं घासलेली नव्हती.

"दुसरं कडवं चालू असतानाच वास आला. मशीनच्या मागची वायर जळत होती. आत त्याला काही कळणार नव्हतं. थांबवलं असतं तर टेक गेला असता. तसा तो पुन्हा गायला नसता. मी ऐकलंय ना त्याला, वर्षानुवर्षं, मला कळतं. म्हटलं, संपू दे. संपलं, तेव्हा पडद्यानं पेट घेतला होता. रीळ उतरवलं. ते पायऱ्यांवर ठेवून परत यायचं होतं. पण आधी दाराकडेच वळलो. हातातलं खाली ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे ठिणग्या. एका हातानं कडी ओढली, ती लाल झाली होती. वाटलं, एकदा ठेवून येतो आणि मग... परत आलो तर जिनाच दिसेना."

"आणि चौकट फुगली म्हणून सांगितलंत," गाईड म्हणाली. माइक अजून सुरू होता. तिचा आवाज बसभर फिरून आला.

"काय सांगणार होतो, पोरी?"

मागच्या बाकावरून आई उठल्या. बाकांच्या दांड्या धरत, एकेक पाऊल टाकत त्या पुढे आल्या. मामांनी उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"भाऊजी, दार उघडायला किती वेळ लागला असता?"

मामांनी दोन्ही हातांकडे पाहिलं. एक चकाकणारा, एक धडधाकट.

"रीळ उतरवायला लागला, तेवढाच."

आईंनी ते ऐकून घेतलं. रडल्या नाहीत.

"गाण्याच्या पुढे काय आहे?"

"दार वाजवतो. म्हणतो, मामा, झालं का? उघडा."

"घाबरलेला असतो?"

"नाही, वहिनी. हसत असतो. टेक चांगला झाला होता, त्यालाही कळलं होतं. तेवढंच आहे. तिथे मी मशीन थांबवलं."

आईंनी हळूच मान डोलावली. मग वरच्या स्पीकरकडे एकदा पाहिलं. घरातून निघताना दिवा बंद केलाय ना, हे बघावं तसं.

"चल गं," त्या मुलीला म्हणाल्या. "दवाखान्यात सोड मला. तो इथे नाहीये."

इन्स्पेक्टर रीळ घेऊन दुकानातून बाहेर आला, तेव्हा मामा बसच्या पायरीवर बसलेले होते. "पिशवीत नको," ते इन्स्पेक्टरला म्हणाले. "डब्यात ठेवा. उन्हानं खराब होतं."

*

आईंची झडप बदलली. नवी टिकटिकते, अशी त्यांची तक्रार आहे. घड्याळ गिळल्यासारखं वाटतं म्हणतात.

नंतरच्या एका बुधवारी पुरावाबाईंनी तिकीट काढून टूर घेतली. माइक तोच होता. समोरचं दुकान बंद होतं. आता त्या रस्त्यावर त्या पट्टीवर बोलणारं काही उरलेलं नाही, हे त्यांनी स्वतः तपासलं होतं. तरीही बस शेवटच्या थांब्यावर आली, आणि आपला श्वास अडकलाय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी याचीही नोंद घेतली.

"आपण थोडा वेळ शांत राहू," गाईड म्हणाली.

इंजिन थांबलं. बाईंनी तिच्या अंगठ्याकडे पाहिलं. तो बटणाकडे गेलाच नाही. माइक तिनं तोंडाजवळ तसाच, सुरू धरून ठेवला, आणि संपूर्ण मौनभर बसच्या सगळ्या स्पीकरमधून एका जिवंत माणसाचा श्वास ऐकू येत राहिला.